वरची नळी

२६ जुलै

डेल्मार,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांनी बहिणीला पत्र लिहिणारा माणूस कामाची गोष्ट आधी लिहील असं मला वाटलं होतं. तू ॲरिझोनाच्या उन्हावर दीड पान खर्च केलंस, स्वतःच्या गुडघ्यांवर अर्धं, आणि तळाला जागा उरली म्हणून विचारावं तसं विचारलंस, की ऑक्टोबरात फेझंट पक्ष्यांच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी माझ्या शेतावर शिकारीला येऊ का. गुडघे आणखी एखादाच हंगाम टिकतील असं डॉक्टर म्हणतात, हेही घातलंस. माझ्या मनाला पाझर फुटावा म्हणून असेल.

उत्तर असं, की मी अजून ठरवलेलं नाही. शेत माझं आहे, परवानगी माझी आहे आणि मला घाई नाही. आईच्या अंत्यविधीला तू फुलं पाठवली होतीस. फुलं चांगली होती. चर्चमधल्या बायका विचारत होत्या, डेल्मार कुठे दिसत नाही. मी म्हटलं, फुलांच्या मागे उभा असेल, नीट बघा. त्याचं मला आता काही वाटत नाही. आठवलं म्हणून लिहिलं, एवढंच.

तेवढ्यात तुझा एक उपयोग करून घेते. मला बंदूक घ्यायची आहे. हसू नकोस. या उन्हाळ्यात मी नेमबाजी क्लबच्या गुरुवारच्या बायकांच्या चमूत नाव घातलंय. मातीच्या तबकड्या उडवतो आम्ही. मागून आणलेल्या बंदुकीनं मी पंचवीसपैकी अकरा फोडल्या. अडुसष्टाव्या वर्षी हे वाईट नाही, आणि पास्टरच्या बायकोच्या तर नऊच फुटल्या. ऑक्टोबरात आपल्याच मक्यातून स्वतःची बंदूक घेऊन चालायचं, हेही मनात आहे. दोन्ही कामांना एकच बंदूक हवी, म्हणजे वरखाली नळ्यांची दुनळी. नवी परवडायची नाही, जुनीच घ्यावी लागेल. कुठली घ्यावी आणि घेताना काय काय तपासावं, हे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. माणूस कसाही असला तरी बंदूक तुला कळते.

जुन्या बंदुकीची मला धास्ती आहे, आणि ती का ते तुला ठाऊक आहे. ऑर्विनला पुरून, मला विधवा होऊन, आठवडा झाला होता. अंत्यविधीला लोकांनी आणलेले हॅमचे बन अजून संपले नव्हते. तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून त्याची दुनळी तपासायला घेतलीस. रिकामी बंदूक मिटलीस, चाप ओढलास, टक. परत ओढलास, काहीच नाही. तू म्हणालास, "वरची नळी मेलीय, आर्डी. वीस वर्षांत हिला कुणा कारागिराचा हात लागलेला नाही." मी म्हटलं, घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोर नको. तू घेऊन गेलास. त्यानंतर मी काय काय विचार केले ते सांगण्यात अर्थ नाही. पण तसली वस्तू मला पुन्हा घरात नको.

आर्डिस


९ ऑगस्ट

डेल्मार,

आई गेली तेव्हा तुला वेळ नव्हता, पण बंदुकीचं विचारल्यावर चार दिवसांत सहा पानं आली. असो, उपयोगी आहेत. मी ती घेऊन लोवेलच्या बंदुकीच्या दुकानात गेले. तू त्याला शेवटचा पाहिलास तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

तू लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. वरची कळ आधी बघितली. मधल्या रेषेच्या उजवीकडे असली तर बंदुकीत अजून जीव आहे, डावीकडे गेली तर ती झिजलीय. एक देखणी होती, पाठीवर नक्षीची बदकं. तिची कळ डावीकडे कललेली. लोवेल म्हणाला, तिनं तीन मालक पाहिलेत. मी म्हटलं, मग ती दमली असेल, ठेव परत. दुसरी मिटवून उजेडासमोर धरली, तर नळ्या आणि सांधा यांच्यामधून खिडकी दिसायला लागली. तिसरीच्या स्क्रूंची तोंडं कुरतडलेली होती, म्हणजे कुणीतरी घरच्या पेचकसानं आत डोकावून आलेलं.

नळ्या वेगळ्या काढून, बोटावर टांगून, टिचकी मारून ऐकायचं हे मला फार आवडलं. एक रिकाम्या डब्यासारखी बोलली. लोवेल खजील होऊन म्हणाला, मधली पट्टी सुटलीय वाटतं. दोन मात्र चर्चच्या घंटेसारख्या वाजल्या. त्या दोन्ही अठ्ठावीस इंची. लांब आणि जड असली की तबकड्यांवर स्थिर राहते, पण दुपारनंतर पाणकणसातून चालताना तीच हातांना ओढते, असं तू लिहिलंस. म्हणून मी प्रत्येक बंदूक दहा मिनिटं काखेत घेऊन दुकानात येरझाऱ्या घातल्या. गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत.

त्या दोहोंतली एक ऑर्विनची होती त्याच कारखान्याची आहे. खरं सांगायचं तर तीच माझ्या खांद्याला बसते. गाल टेकवला की नळीवरचा मणी आपोआप डोळ्यासमोर येतो. पण तू शेवटी खाली रेघ मारून लिहिलंयस, 'त्या कारखान्याची घेऊ नकोस, त्यांची वरची नळी हमखास दगा देते.' बरं झालं सांगितलंस. पुढच्या आठवड्यात दुसरी घेऊन टाकते.

आणि शनिवारचं म्हणशील तर वरच्या खोलीतली गादी मी उन्हात टाकलीय. त्याचा अर्थ हो असा नाही. गादीला ऊन लागायलाच हवं होतं.

तुझी बहीण
आर्डिस


२२ ऑगस्ट

डेल्मार,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन चुलीत गेली.

काल दुकानात गेले. दुसरी बंदूक घेणार होते, पण हात पुन्हा त्याच कारखान्याच्या बंदुकीकडे गेला. म्हटलं, डेल्मारनं स्वयंपाकघरात केलं होतं तसं करून स्वतःची खात्री करून घ्यावी. रिकामी मिटली. चाप ओढला, टक. परत ओढला, काही नाही. मला अगदी विजयी वाटलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "लोवेल, मेलेली बंदूक माझ्या गळ्यात मारतोस होय?"

लोवेलनं चष्मा वर केला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या भावानं."

त्यानं बंदूक घेतली, दस्त्याची मागची बाजू तळहातावर जोरात आपटली आणि चाप ओढला. टक.

मग त्यानं मला सांगितलं. या बंदुकीला चाप एकच असतो. खालची नळी उडाली की जो धक्का बसतो, त्या धक्क्यानं चाप वरच्या नळीवर सरकतो. रिकाम्या बंदुकीत धक्का नाही, म्हणून दुसऱ्यांदा चाप मुकाच राहतो. हाताचा दणका दिला की झालं काम. दुसऱ्या काही बनावटींत धक्का लागत नाही, माझी ती दुसरी तशी आहे. दोन्ही चांगल्या. बिघाड कशातच नाही.

मी विचारलं, तीस वर्षं दुनळी चालवलेल्या माणसाला हे ठाऊक असतं का. तो हसला. "आर्डिस, तीस दिवसांत ठाऊक होतं. झोपेत विचारा, सांगेल."

मी गाडीत येऊन बसले. गाडी सुरू केली नाही. मग तुझी सहा पानं काढून पुन्हा वाचली. कळ आहे, सांधा आहे, स्क्रू आहेत, नळ्यांची जाडी आहे, नळीच्या तोंडाचा अरुंद भाग, तो चोक, कुणी कोरून मोठा केलाय का तेही आहे. काडतूस बाहेर फेकणारे खटके एकदम चालतात का ते आहे. दस्त्याच्या लाकडावर तर पाऊण पान आहे. चापाबद्दल चकार शब्द नाही. ज्या माणसानं लाकडाच्या रेषांवर पाऊण पान लिहिलं, तो चाप विसरला असं मला मानायचं होतं. खूप प्रयत्न केला.

एकच विचारते. त्या दिवशी तुला माहीत होतं का? ऊन नको, गुडघे नकोत. एका शब्दात लिही.

आर्डिस


९ सप्टेंबर

डेल्मार,

एक शब्द मागितला होता, तीन पानं आली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, दोन वाक्यांच्या सांदीत तुझा 'हो' सापडला.

बाकीची पानंही वाचली. ऑर्विननं एकदा बदकांच्या शिकारीत तुला म्हटलं होतं की ही बंदूक शेवटी तुझ्याकडेच यायची. असेल म्हटलं. त्या दिवशी त्याच्या बाटलीत काय होतं त्यावर अवलंबून. आठवडाभराच्या विधवेकडे तिच्या नवऱ्याची बंदूक मागणं तुला बरं दिसेना, असंही लिहिलंस. म्हणजे मागणं वाईट दिसलं असतं, म्हणून तू खोटं बोललास. आईनं आपल्याला चांगल्या रीतीभाती शिकवल्या म्हणायच्या.

नुसतं मागितलं असतंस ना, तर दिली असती, डेल्मार. तेव्हा मी त्याचा कोटही देऊन टाकत होते, तुला ही राजीखुशीनं दिली असती. चोरायला तुझ्यापुढे काही नव्हतंच.

'इतक्या जुन्या बंदुकीवरून इतका राग बरा नव्हे,' असं तू शेवटी लिहिलंस. म्हणून आता सांगतेच. सांगणार नव्हते, कारण यात माझीही शोभा नाही.

ऑर्विन दर फेब्रुवारीत एका शनिवारी ती बंदूक घेऊन वॉटरटाउनला जायचा. तिथल्या रूडी कारागिराकडे देतो म्हणायचा, साफ करून घेतो, कमानी तपासून घेतो. दिवस उतरता परतायचा. जुनेलच्या हॉटेलात जेवलो, तिनं तुला नमस्कार सांगितलाय, असंही सांगायचा. जुनेल माझी मैत्रीण. चर्चच्या गायनात वीस वर्षं आम्ही शेजारी उभ्या राहिलो. आणि तू माझ्या स्वयंपाकघरात म्हणालास, वीस वर्षांत हिला कारागिराचा हात लागलेला नाही. रूडी त्याच हिवाळ्यात गेला होता. विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं.

मग मीच हिशेब मांडला. बंदूक रूडीकडे जात नव्हती, तर नवरा कुठे जात होता? उत्तर काढायला मला एक दुपार पुरली. त्यानंतर मी जुनेलशी एक शब्द बोलले नाही. गायन सोडलं. तिनं दोनदा फोन केला, मी उचलला नाही. कारण तिला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. अकरा वर्षं मी एका मेलेल्या माणसावर संतापून जगले. तो समोर नव्हता, म्हणून त्याच्या फोटोशी भांडायची, आणि फोटो उत्तर देत नाही म्हणजे मनात चोर आहे असं समजायची.

तू दहा मिनिटं खोटं बोललास. पुढची अकरा वर्षं ते मी स्वतःच्या हातांनी वाढवलं, हे मला कळतं. तेवढा वाटा माझा. पण सुरुवात तुझी.

बंदूक लोवेलच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी येणार नाही, कायद्यानं परवानाधारक दुकानदाराकडेच यावी लागते. तुला माहीतच आहे म्हणा, तुला बंदुकीतलं सगळं माहीत असतं.

आर्डिस


२ ऑक्टोबर

डेल्मार,

बंदूक पोचली. पेटीत तू चिठ्ठी ठेवली होतीस, 'आता आपला हिशेब फिटला'. ती लोवेलनं माझ्या आधी वाचली आणि घडी करून मला दिली. त्याचा चेहरा बघून मला लाज वाटली. कुणाची ते कळलं नाही.

त्यानं ती उघडली. आतलं तेल वाळून वार्निशासारखं चिकटलं होतं. खटके निम्मेच उठत होते. तो पुटपुटला, "हिच्याकडे कुणी बघितलेलंच नाही हो." मग दस्त्याच्या टोकाची रबरी पट्टी काढली. पट्टीखाली कारागीर पेन्सिलीनं तारीख टाकतात, हे मला नवं होतं. लोवेलनं दिवा जवळ ओढला आणि मला बोलावलं.

अठरा तारखा होत्या. एकाखाली एक, बारीक अक्षरात, सगळ्या फेब्रुवारीतल्या, सगळ्या शनिवारच्या. प्रत्येकीपुढे 'र'. लोवेल म्हणाला, हे रूडीचंच अक्षर, तो मला शिकवायचा. शेवटची तारीख ऑर्विन गेला त्याच्या तीन आठवडे आधीची, रूडीच्याही शेवटच्या दिवसांतली. त्यानंतर कोरं लाकूड. तुझ्या अकरा वर्षांची एकही तारीख नाही, डेल्मार. कारागिराचा हात लागला नाही म्हणालास ते अखेर खरं केलंस.

मी तिथेच रडले. दुकानात, काउंटरपाशी, दोन अनोळखी गिऱ्हाइकांसमोर. लोवेलनं मला नळ्या पुसायचं फडकं दिलं. तेलाचा वास अजून नाकात आहे.

मग मी जुनेलकडे गेले. तिनं दार उघडलं, मला आत बोलावलं नाही. म्हणाली, "अकरा वर्षं मी एकच विचारतेय, आर्डिस. मी केलं काय होतं?" मी म्हटलं, गैरसमज झाला होता. तिनं विचारलं, कसला. मला सांगता येईना. काय सांगू? तू स्वच्छ होतीस आणि माझा नवराही, घाण माझ्या डोक्यात होती? तिनं दार लावून घेतलं. तिचं चुकलं नाही.

अजून एक उरलं. तू इकडे फिरकला नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही. इथली जोडपी एकाच दगडाखाली झोपतात, जी मागे राहिली तिचं नावही आधीच कोरून ठेवतात, फक्त साल मोकळं. आमच्या दोन जागा ऑर्विननं लग्नानंतर लगेच घेतल्या होत्या. मी त्याच्यावर एकट्याच्या नावाचा दगड बसवला. बायका विचारायच्या, तुझं नाव? मी म्हणायची, बघू. आणि त्याच वर्षी माझी जागा चर्चच्या समितीला परत करून टाकली. मला त्याच्याशेजारी झोपायचं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी तिथं क्लिफर्डला पुरलं. तोच क्लिफर्ड, गाडीतून न उतरता काचेतून, बंदी असताना, फेझंटच्या माद्या मारणारा, ज्याला रस्त्यात दिसला तरी ऑर्विननं उभ्या आयुष्यात हात केला नाही. आता जगबुडीपर्यंत ते दोघे शेजारी. काल मी पास्टरला विचारून आले, काही करता येईल का. तो चांगला माणूस आहे, अवघडून म्हणाला, क्लिफर्डच्या घरच्यांना कसं विचारणार? दफनभूमीच्या मागच्या कुंपणापाशी एक जागा आहे म्हणाला. तिथून ऑर्विनचा दगड दिसतो का म्हटलं. मध्ये स्प्रूसच्या झाडांची रांग येते म्हणाला.

आपला हिशेब फिटला नाही, डेल्मार.

आर्डिस


११ ऑक्टोबर

डेल्मार,

तुझा फोन मी मुद्दामच उचलला नाही. संदेश ऐकला. तिकीट काढलंयस, गुडघ्यांना पट्टे घेतलेत, आणि 'तू हो म्हणशील असं धरूनच चाललोय' म्हणालास. तुला धरून चालायची सवय आहे.

बंदुकीचा निकाल आधी सांगते, कारण त्यासाठीच मी तुला लिहायला लागले होते. ऑर्विनची मी वापरणार नाही. तो सहा फूट दोन इंच होता, दस्ता माझ्या खांद्याला दोन बोटं लांब पडतो, आणि मी तो कापून घेणार नाही. लोवेलनं ती साफ केली, पट्टीखाली तारीख टाकली आणि विचारलं, फेब्रुवारीत आणणार ना? मी हो म्हटलं. स्वतःला मी लोवेलकडची ती घेतली, त्याच कारखान्याची, तू घेऊ नकोस म्हणालास ती. परवाच्या गुरुवारी पंचवीसपैकी सतरा फुटल्या. चार वरच्या नळीनं.

आता शनिवारचं. तू येऊ शकतोस, राज्य काही माझं नाही. पण माझ्या शेतात नाही. वरच्या खोलीतली गादी मी गुंडाळून ठेवलीय, गावातल्या मोटेलात खोल्या मिळतात. शिकारीच करायची असेल तर माझ्या उत्तरेच्या कुंपणाबाहेर कौंटीच्या रस्त्याची चारी आहे. ती सरकारी जागा, तिथं कुणीही बंदूक घेऊन उभं राहू शकतं, परगावच्या अनोळखी लोकांसारखं. मी कोण अडवणार? दुपारी बारा वाजता हंगाम उघडून पहिला बार निघेल तेव्हा मी मक्याच्या मधोमध असेन आणि तू चारीत. दोघांना एकमेकांची टोपी दिसेल.

हात करू नकोस. मी करणार नाही.

आर्डिस ट्वाइट